शिळा आकडा

लातूर, ८ जून २०२५

सिंधुअक्का,

तुझी तनू पाया पडते. माझा नंबर तू बंद करून टाकलास हे मला सप्टेंबरातच कळलं, म्हणून पत्र. याआधी पत्र कधी लिहिलं होतं तेही आठवत नाही. बहुतेक सातवीच्या पेपरात, मुख्याध्यापकांना. काल पोस्टात जाऊन पाकीट मागितलं तर खिडकीतल्या बाई दोनदा म्हणाल्या, "पाकीटच ना?"

तुझ्या घरात दुसऱ्या कुणी फोडलं तरी चालावं असंच लिहिते.

नांदेड मी डिसेंबरात सोडलं. इथं औसा रोडला एका संस्थेत शिकवते. वेब ॲप्लिकेशन कसं बनवायचं ते. म्हणजे नुसतं वाचायचं पान नाही. माणसानं बोट लावलं, काही विचारलं, तर उत्तर देणारं पान. अकरा जण आहेत. एक अयोध्याबाई म्हणून आहेत, बेचाळीस वर्षांच्या, औशाकडं उपकेंद्रात नर्स. रविवारी एसटीनं येतात, डबा घेऊन. त्यांना लसीकरणाची यादी फोनवर करायची आहे आणि ती नेट नसलं तरी चालली पाहिजे. हे कधी शिकवणार, असं दर रविवारी विचारतात. तो धडा शेवटच्या महिन्यात आहे म्हणून मी पुढं ढकलून राहिले.

आईचा फोन होता. ती सांगत होती, किशनमामा तुझ्याशी अजून बोलत नाहीत. सासऱ्यानं सुनेशी नऊ महिने बोलायचं नाही, तुझ्या हातचं पाणीसुद्धा घ्यायचं नाही, हे ऐकून मला कसंतरी झालं. सृष्टी आजीपाशी झोपते म्हणे. आठ वर्षांच्या लेकराला आईपासून वेगळं झोपवायचं कारण काय?

दाजी गेले त्याचं दुःख मलाही आहे, अक्का. ते तुझे नवरे होते तसे माझेही कुणीतरी होते. तेराव्याला मामांनी मला सगळ्यांसमोर विचारलं, त्या दिवशी माझ्या ॲपमध्ये काय दाखवत होतं. मला जे दिसत होतं ते मी सांगितलं. माझ्याकडं लाल होतं. मी खोटं बोलले नाही.

उत्तर दे. दोन ओळी चालतील.

तनू


लातूर, २९ जून २०२५

अक्का,

उत्तर आलं नाही. पत्र मिळालं का तेही कळायला मार्ग नाही, म्हणून हे रजिस्टर करते.

आज दाजींबद्दल लिहावंसं वाटतंय. मी बी.एस्सी. होऊन अर्धापूरला घरी बसले होते तेव्हा बाबा एकच म्हणायचे, स्थळ बघू. दाजी तुला घेऊन आले होते, ओसरीवर जेवत होते. ते बाबांना म्हणाले, "केळीचे घड मोजायला शिकवलं का हिला एवढं? नांदेडला क्लास लावा की. सहा महिन्यांची तर गोष्ट हाय." जावई बोलला म्हणून बाबा गप बसले. ते बोलले नसते तर मी आज कुठं असते कोण जाणे.

क्लासमध्ये पहिल्या पंधरा दिवसांत मी एक बटण केलं होतं. दाबलं की पान हिरवं, पुन्हा दाबलं की पिवळं. बस, तेवढंच. दाजी बियाणं न्यायला नांदेडला आले होते तेव्हा त्यांना दाखवलं. त्यांनी ते वीस-पंचवीस वेळा दाबलं. चहा गार झाला. मग म्हणाले, "तनू, हे आमच्या नदीचं कर."

मला कळेना. त्यांनी समजावलं. तुमचं शेत नांदेडच्या खालच्या अंगाला, गोदावरीच्या काठावर. पाण्याची मोटार नदीत. वरच्या धरणाची दारं उघडली की मोटार ओढून वर आणायची, नाहीतर गेली वाहून. दारं उघडल्याचा निरोप पाच ग्रुपांवर येतो, पण वाढदिवसाच्या शुभेच्छा आणि देवाच्या फोटोंत बुडून जातो. "मला एकच कळलं पाहिजे," ते म्हणाले. "आता नदीत उतरू का नको?"

पाणीखबर असं निघालं. मी बनवलेलं पहिलं खरं काम. धरणाचा निरोप आला की मी पाण्याचा आकडा भरायचे आणि पान रंग घ्यायचं. हिरवं, पिवळं, लाल. हिरव्याखाली एक ओळ मी स्वतः लिहिली होती, 'नदीत उतरायला हरकत नाही.' दाजींनी ती वाचून मान डोलावली होती.

तुमच्याकडं नेट येतं-जातं, म्हणून मी पुढचं शिकले. हल्ली असं करता येतं की पान आपल्या मागं फोनमध्ये एक राखणदार ठेवून जातं. नेट गेलं तरी तो जवळ ठेवलेलं शेवटचं काढून दाखवतो. माणसाला वाटतं, सगळं चालू आहे. आमच्या बॅचमध्ये हे पहिल्यांदा मला जमलं. क्लासच्या सरांनी पेढे वाटले.

त्या शनिवारी तुमच्याकडचा टॉवर सकाळीच बंद पडला होता. धरणाचा निरोप दुपारी एकला आला, दारं वाढवली म्हणून. त्याच मिनिटाला माझ्याकडं पान लाल झालं. तुमच्या फोनपर्यंत ते पोचलं नाही. टॉवर काही मी बंद पाडला नव्हता. पोळा दोन दिवसांवर होता, पाऊस लागून राहिला होता, कुणाच्या हातात काय होतं?

हे मी तुला समजावून सांगितलं असतं तर तू असं तोंड फिरवलं नसतंस. तू संधीच दिली नाहीस.

तनू


लातूर, २७ जुलै २०२५

अक्का,

रजिस्टर परत आलं. पाकिटावर पोस्टमननं लिहिलंय, 'घेण्यास नकार'. तू स्वतः नकार दिलास की मामांनी, ते लिहिलेलं नाही. हे पत्र मी पोस्टात टाकणार नाही. लिहून ठेवते. पुढं काय करायचं ते नंतर.

आज रविवार. क्लासमध्ये तो धडा घ्यावाच लागला. मी फळ्यावर चौकोन काढले. हा फोन, हा राखणदार, हे नेट. नेट तुटलं की राखणदार जवळचं देतो. सगळ्यांनी उतरवून घेतलं. अयोध्याबाईंनी पेन खाली ठेवलं आणि म्हणाल्या, "मॅडम, त्यानं दिलेलं जुनं असलं तर? मला कसं कळायचं की हे आजचं न्हाई? लेकराला दोनदा सुई टोचली जाईल की माझ्या हातून."

मी म्हणाले, चांगला प्रश्न आहे. आणि खडू ठेवून बाहेर आले. जिन्यात बसले. पंधरा-वीस मिनिटं तरी. त्या आल्या आणि पाण्याची बाटली ठेवून गेल्या.

तोच प्रश्न मला गेल्या वर्षी ऑगस्टात विचारला गेला होता, अक्का. अश्वजितनं विचारला होता. अश्वजित म्हणजे आमच्या बॅचचा, देगलूरकडचा, माझ्या शेजारच्या टेबलावर बसायचा. त्यानं स्वतःच्या फोनचं नेट बंद करून पाणीखबर उघडलं आणि मला दाखवलं. "हे बघ. आकडा कालचा हाय आणि हिरवं दाखवून राहिलंय. कधीचा आकडा ते तर लिही. आणि जुना झाला की रंग काढून टाक, राखाडी कर. शिळा आकडा ताज्या ताटात वाढू नको."

तासाभराचं काम होतं. जास्तीत जास्त दोन तास.

पण तीस तारखेला विष्णुपुरीला इंजिनिअरिंग कॉलेजात प्रदर्शन होतं. बाहेरून परीक्षक येणार होते. मी पान असं सजवलं होतं की उघडलं की अख्खी स्क्रीन एका रंगात भरायची. त्यात तारीख-वेळेची बारीक ओळ मला घाण दिसत होती. आणि राखाडी रंग आला असता तर परीक्षकांना वाटलं असतं, चालत नाही. मी अश्वजितला म्हणाले, प्रदर्शन झाल्यावर करते. तो म्हणाला, "लोक वापरून राहिलेत ना आत्ता?" मी म्हणाले, तुला जमलं नाही म्हणून जळतोस. असं म्हणाले मी.

प्रदर्शनात दुसरा नंबर आला. ते शुक्रवारी. शनिवारी दुपारी एकला दारं वाढवल्याचा निरोप आला तेव्हा मी तरोडा नाक्याजवळ फोटो स्टुडिओत होते. पेपरवाल्यांना फोटो पाहिजे होता. मी मोबाइलवरून आकडा भरला, पान लाल झालेलं बघितलं, आणि मला आठवलं. खरं सांगते, मला त्या क्षणी आठवलं की ज्यांच्याकडं नेट नाही त्यांच्याकडं हिरवंच असेल. मी तुला फोन लावला. 'संपर्क क्षेत्राबाहेर' आलं. एकदाच लावला. मग स्टुडिओवाल्यानं हाक मारली, मान थोडी डावीकडं करा म्हणाला, आणि मी केली.

पुढचं तू मला तिसऱ्या दिवशी सांगितलं होतंस, वाहून गेलेल्या दाजींना बाभळीतून काढून आणल्यावर. तुम्ही दोघं शेतात होतात. दवंडी गावात झाली, शेतापर्यंत आवाज आला नाही. पाणी थोडं चढलेलं दिसत होतं. दाजींचे हात चिखलाचे होते, म्हणून ते तुला म्हणाले, "बघ गं, तुझ्या बहिणीचं काय म्हणतंय?" तू त्यांचा फोन उघडून म्हणालीस, "हिरवं हाय." ते मोटारीचा दोर सोडवायला उतरले.

तू वाचलंस ते बरोबर वाचलंस.

आणि तेराव्याला मामांनी विचारलं, "पोरी, खरं सांग, त्यात काय दाखवत होतं?" तेव्हा तू दाजींचा फोन घेऊन पुढं आलीस. टॉवर तेव्हाही बंदच होता, म्हणून त्यात अजून हिरवं होतं, एकतीस तारखेचंच. तू म्हणालीस, बघा. मी तो फोन हातात घेतला आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "हे आत्ता नेट नाही म्हणून असं दिसतंय. त्या दिवशी लालच होतं. अक्काच्या बघण्यात चूक झाली असेल." मला माहीत होतं की फोन खरं दाखवतोय. तुझ्या हातात पुरावा होता, तो मी शब्दांनी पुसला. मामा तुला म्हणाले, "तुला रंग कळंना का?" तू माझ्याकडं बघितलंस. ओरडली असतीस तर बरं झालं असतं.

पहिल्या पत्रात मी लिहिलं, मी खोटं बोलले नाही. तेही खोटं.

अजून एक आहे. तेराव्याहून परत आल्यावर मी पाणीखबर मुळापासून बंद करून टाकलं. सगळ्यांना वाटलं, दुःखानं केलं. मी ते लपवायला केलं, कुणी आत डोकावून बघू नये म्हणून. त्यामुळं झालं असं की ज्यांच्या फोनमध्ये ते राहिलं त्यांच्यापर्यंत आता दुरुस्तीही पोचू शकत नाही. राखणदार तसाच बसून आहे तिथं. हिरवा आकडा धरून.

मी वर्षश्राद्धाला येते. हे तुझ्या एकटीला सांगून चालणार नाही.

तनू


लातूर, २३ ऑगस्ट २०२५

अक्का,

गुरुवारी तू मागं चुलीपाशी होतीस. बैठकीत काय झालं ते तुला कुणी धड सांगितलं असेल असं वाटत नाही, म्हणून लिहिते. हे पत्र घेतलंस तर वाच. नाही घेतलंस तरी मी लिहिलेलं राहील.

जेवणाची पानं वाढायची होती. बैठकीत किशनमामा होते, तुझा दीर मारोती, आणि भावकीतले पाच-सहा जण. मी दारात उभी राहून म्हणाले, "मामा, मला बोलायचंय."

"बोल की. आधी जेवून घे."

"आधी बोलते. मग तुम्ही म्हणाल तर जेवते."

मी बसले नाही. अश्वजितनं सांगितलं होतं ते, मी केलं नाही ते, स्टुडिओतलं, तेराव्याचं, सगळं सांगितलं. क्लासमध्ये शिकवते तसं सोपं करून सांगितलं, म्हणजे कुणाला कळलं नाही असं व्हायला नको. मारोतीभाऊंनी एकच विचारलं, "मग तेराव्याला का न्हाई बोललीस?"

"भ्याले."

"कुणाला? आम्ही काय मारलं असतं का तुला?"

"न्हाई. पेपरात फोटो आला होता माझा."

ते उठून बाहेर गेले. अंगणात त्यांनी बादलीला लाथ मारल्याचा आवाज आला.

मग मामांनी एकेक शब्द तपासल्यासारखं विचारलं.

"म्हंजे तवा फोनात हिरवंच होतं."

"हाव, मामा."

"सिंधूनं बराबर वाचलं."

"हाव."

"आणि तिनं आणून दाखवलं व्हतं मला. इथंच. ह्या जागेवर."

मी परत हाव म्हणाले.

"वरीस झालं," मामा म्हणाले. "तिच्या हातचं पाणी पिलो न्हाई मी. लेकरू काढून घेतलं तिच्यापासून."

मला वाटलं, आता ते मला हाकलून देतील. मी तयार होऊन आले होते. त्यांनी विचारलं, "ते अजून हाय का लोकांच्या फोनात?" मी म्हणाले, असेल, आणि ते इथून काढता येत नाही, फोन हातात घेऊनच काढावं लागतं. त्यांनी खुंटीवरची टोपी घातली, काठी घेतली. "चल."

आम्ही घरोघर गेलो, अक्का. पानं तशीच राहिली, म्हणून तुला वाटलं असेल, कुठं गेले सगळे. चौदा फोनांत होतं ते. मी काढत होते, आणि दर दारात मामा उभ्यानं सांगत होते, "हे खोटं दाखवतंय, काढून टाका. आणि ऐका. माझ्या सुनेचा कसूर नव्हता. मी तिला भलतंच बोललो, ते समद्यांनी ऐकलं व्हतं, आता हे बी ऐका." पहिल्या दोन घरांत ते शब्द शोधत होते. नंतर त्यांनी ते पाठ केल्यासारखं म्हटलं. पाऊस भुरभुरत होता, त्यांनी छत्री घेतली नव्हती.

सरजाबाईच्या फोनातही होतं. मी काढायला लागले तर ती म्हणाली, "ते व्हय? ते कायम हिरवंच असतंय, म्हणून मी बघायचंच सोडलं." मामांनी तिच्या ओट्यावर बसून घेतलं.

परत आल्यावर ते चुलीच्या खोलीच्या दारात गेले. पुढचं तुला माहीत आहे. मी अंगणात होते, मला ऐकू आलं नाही, आणि मी ऐकायचा प्रयत्नही केला नाही. मी जेवले नाही. मला कुणी जेव म्हणालंही नाही.

मी फाट्याकडं निघाले तेव्हा तू मागून आलीस. आपण काय बोललो ते जसंच्या तसं उतरवून ठेवते, कारण मला गोष्टी सोयीच्या करून आठवायची सवय आहे.

मी म्हणाले, "अक्का, मी सगळं सांगितलं."

तू म्हणालीस, "ऐकलं."

"मला माफ कर असं म्हणायला मला तोंड नाही."

"मग म्हणू नको." तू पदरानं हात पुसत होतीस, हाताला पीठ होतं. "तू मामाला सांगितलंस. गावाला सांगितलंस. बरं झालं. पण मला काय नवं सांगितलंस, तने? मला तर पहिल्या दिसापासून म्हाईत व्हतं मी काय वाचलं ते."

मी म्हणाले, "तरीपण—"

"वरीसभर मी रोज तो फोन उघडून बघायची. मलाच वाटाया लागलं, मी येडी हाय का? हिरव्याला हिरवं म्हणलं का मी लालाला? माझा माझ्या डोळ्यावर भरवसा राहिला न्हाई. सृष्टीची वेणी घालताना रिबिनीचा रंग तिला विचारायची मी. लेकराला."

मग तू म्हणालीस, "तुझे दाजी पाण्यानं गेले. ते मी सोसलं असतं." आणि तू परत फिरलीस.

जीप यायला अर्धा तास होता. मी रस्त्याकडं बघत उभी राहिले. तू पूर्ण वाक्य बोलली नाहीस, पण पुढचं मला कळलं.

काल अश्वजितला फोन केला. तो हैदराबादला असतो आता. त्याला म्हणाले, तू बरोबर होतास आणि मी तुला जळतो म्हणाले. तो म्हणाला, "मी पण गप बसलोच की. मला म्हाईत होतं, आणि मी तुझ्या अक्काच्या गावाला येऊन सांगायचं सोडून हैदराबादला आलो." फोन त्यानं ठेवला की मी ठेवला ते आठवत नाही.

तनू


लातूर, १६ नोव्हेंबर २०२५

अक्का,

हे पत्र आईच्या हाती देते. तुला आग्रह करायचा नाही असं तिला बजावलंय. तू कुठं राहतेस ते ती मला सांगत नाही, तूच तिला तसं सांगितलं आहेस, आणि ते बरोबर आहे. गावाचं नाव तेवढं कळलं, तेही मामांकडून.

मामांचा फोन दसऱ्यानंतर आला होता. माझा नंबर त्यांनी कुणाकडून घेतला कोण जाणे. म्हणाले, "सिंधू गेली गं." मी म्हणाले, कुठं? "उदगीरला. पोरींच्या वसतिगृहात सैपाकाचं काम धरलंय. सृष्टीला नेलंय, शाळेत नाव घातलंय." मग त्यांना दम लागल्यासारखं झालं. "मी म्हणलो, पोरी, राहा. शेत तुझ्या नावानं करतो म्हणलो. पाया पडाया वाकलो तर तिनं धरलं मला. म्हणली, मामा, तुमच्यावर राग न्हाई माझा. पण ह्या घरात वरीसभर एकानंबी मला परत इचारलं न्हाई, सिंधू, खरं काय झालं व्हतं. आता मला हितं झोप येत न्हाई." मामांनी मला शिवी दिली नाही. एखादी दिली असती तर चाललं असतं. शेवटी म्हणाले, "तू काय आता शिकवून राहिलीस लोकांला?" मी हो म्हणाले. ते म्हणाले, "नीट शिकव," आणि फोन ठेवला.

मी खरं बोलले म्हणजे सगळं जागेवर येईल असं मला वाटलं होतं. तू घरात पुन्हा सून म्हणून राहशील, सृष्टी तुझ्या कुशीत झोपेल, आणि कधीतरी दिवाळीला आपण अर्धापूरला भेटू. आज लिहिताना कळतं की ते मी माझ्यासाठी ठरवलेलं होतं. दिवाळीला तू आली नाहीस. आईनं तुझ्या वाटचं ताट वाढून झाकून ठेवलं होतं. बाबांनी ते बघितलं आणि मला म्हणाले, "ह्या वर्षी तू जेव. पुढच्या वर्षी दोघीतली एकच येत असंल तर तिला येऊ दे." मी हो म्हणाले. पुढच्या वर्षी तू जा, अक्का. मी नसेन.

अयोध्याबाईंची लसीची यादी तयार झाली. नेट नसलं की पान राखाडी होतं आणि वर मोठ्या अक्षरात येतं, ही यादी इतक्या वाजताची आहे, खात्री करून घ्या. त्यांनीच ते केलं, मी फक्त शेजारी बसले. त्यांच्या एका ओळखीच्या नर्सनं देगलूरकडच्या केंद्रात दाखवायला बोलावलं, म्हणून आम्ही दोघी परवा शुक्रवारी लातूरहून एसटीनं निघालो.

गाडी उदगीर स्टँडला थांबली. मला माहीत होतं की थांबणार. मी खिडकीशी बसले होते. मी काही शोधत नव्हते, खरंच नव्हते, पण तू समोरच होतीस. स्टँडच्या बाहेर भाजीवाली बसते तिच्यापाशी. निळी साडी, खांद्याला पिशवी. सृष्टी उंच झालीय, तिच्या पाठीला दप्तर होतं. भाजीवाली कानडीत काहीतरी बोलली, तुला कळलं नसावं, तू सृष्टीकडं बघितलंस, तिलाही कळलं नाही. मग तुम्ही तिघी हसायला लागलात. तू हसताना पदर तोंडाला लावला नव्हतास. अगदी दात दिसेस्तोवर हसत होतीस. मी तुला असं हसताना कधी बघितलं होतं ते मला आठवेना.

अयोध्याबाई म्हणाल्या, "ओळखीचं हाय का कुणी?"

मी म्हणाले, "बहीण आहे माझी."

"मग उतरा की. कंडक्टर चहाला गेलाय, धा मिनिटं थांबंल गाडी."

मी उतरले नाही, अक्का. काचेपासून थोडी मागं सरकून बसले. मला बघितलं असतंस तर तू हसायची थांबली असतीस.

तनू